जुनी पिकअप ऑइल खातेय: कुठलं ऑइल घालायचं, आणि त्याआधी काय तपासायचं

तक्रार नेहमी एका वाक्यात येते: "गाडी ऑइल खातेय, कुठलं टाकू?" यातल्या "कुठलं टाकू"चं उत्तर त्या मानाने सोपं आहे. गोची "खातेय"मध्ये आहे. किती खातेय, कधीपासून खातेय आणि खाल्लेलं जातंय कुठे, हे बहुतेकांनी बघितलेलंच नसतं. मीही बघितलं नव्हतं. माझी पिकअप पेट्रोलवरची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली. मीटरवर २,८०,००० किलोमीटर झालेले असताना एका वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि सरळ रस्त्याला लागल्यावर विझला. वायरिंगचा काहीतरी घोळ असेल म्हणून मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी डिपस्टिक ओढली तर टोकाला एक थेंब लोंबत होता, बाकी पट्टी कोरडी. ऑइल बदलून जेमतेम २,००० किलोमीटर झाले होते.

हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, ऑइल कमी झालं की वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर ते एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत लिटर-दीड लिटर ऑइल कधीच गेलेलं असतं. दिवा लागला की इंजिन बंद. "घरापर्यंत जाऊ" हा विचार बेअरिंगला फार महागात पडतो.

त्या दिवशी मी ऑइल भरलं आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मग मीही इतरांसारखंच केलं. जाड ऑइल आणलं, त्यानंतर त्याहून जाड, त्यात एक चिकट बाटली ओतली आणि वर्षभर फिरून जागच्या जागीच राहिलो. पुढे जे लिहितोय ते त्यानंतरचं.

आधी वही, मग डबा

सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे एक वही आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं. गाडी सपाट जागी उभी करायची. सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, मग बघायची. रोज तीच जागा, तीच वेळ. तुमच्या गाडीची पुस्तिका गरम इंजिन बंद करून ५-१० मिनिटांनी बघा म्हणत असेल तर तसं करा, पण दरवेळी एकाच पद्धतीने. गरम-थंड अशी सरमिसळ केली की आकडे खोटं बोलतात.

बऱ्याच इंजिनांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण १ लिटरचं अंतर असतं. तुमच्या इंजिनाचं नेमकं अंतर पुस्तिकेत मिळेल. टॉपअप करताना बाटलीतून अंदाजे ओतू नका. मापाने ओता आणि वहीत लिहा: मीटरचा आकडा, किती मिलि, गाडीवर लोड होता की रिकामी. निदान २,००० किलोमीटरच्या नोंदी झाल्याशिवाय ऑइलचा ग्रेड (डब्यावरचा जाडीचा आकडा) बदलू नका, नाहीतर फरक ऑइलमुळे पडला की त्या महिन्यात माल कमी वाहिला म्हणून, हे कधीच कळणार नाही.

वहीतून मला एक गंमत कळली. वरच्या खुणेपर्यंत काठोकाठ भरलं की पहिले २००-३०० मिलि चार दिवसांत गायब व्हायचे, नंतर वेग मंदावायचा. मी दर वेळी "फुल" करून त्यातलं बरंचसं ब्रीदरवाटे (चेंबरमधला गॅस ओढून घेणारी वाट) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घ्यायच्या वाटेत, पाठवून जाळत होतो. तेव्हापासून पातळी दोन खुणांच्या मध्ये, थोडी वरच्या बाजूला ठेवतो. वरच्या खुणेच्या वर तर कधीच जायचं नाही. क्रँक (इंजिनाच्या तळाचा फिरता दांडा) ऑइलमध्ये आपटायला लागला की फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगचं वंगण होत नाही.

किती खाणं "नॉर्मल"? काही कंपन्यांच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत तर १ लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. हे आकडे वॉरंटीच्या भांडणासाठी लिहिलेत असं माझं मत आहे. निरोगी इंजिन याच्या आसपासही जात नाही. पण जुन्या गाडीसाठी त्यांचा एक उपयोग आहे. १,००० किलोमीटरला २००-३०० मिलि जात असेल तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

माझा पहिला खरा आकडा आला १,००० किलोमीटरला ७५० मिलि.

जातंय कुठे?

आधी गळती बघा, जळण्याचं नंतर. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून घ्या. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून टॅपेट कव्हर, फिल्टरची बैठक, चेंबरचं पॅकिंग की इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातलं मागचं सील, याचा अंदाज येतो. काही गळत्या इंजिन चालू असतानाच होतात. त्या पुठ्ठ्यावर येत नाहीत. गाडीच्या पोटाला आणि मागच्या फळीला धूळ-ऑइलचा काळा लेप चढलेला दिसला तर समजा तिथून. कूलंटच्या टाकीत ऑइलचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधी चहासारखा रंग दिसला तर प्रकरण हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरचं आहे. त्याला ऑइलचा ग्रेड हे औषध नाही.

गळती नाही, म्हणजे जळतंय. आता धूर वाचायचा. स्वतः आरशात बघून नीट कळत नाही. कुणाला तरी मागून दुसऱ्या गाडीत येऊ द्या.

रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक झोत आणि मिनिटाभरात सगळं साफ, हे व्हॉल्व्हच्या सीलचं लक्षण. रात्रभर हेडमधलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून ठिबकत राहतं आणि पहिल्या भडक्यात जळतं. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली येऊन पाय दिलात तेव्हा निळा लोट आला, तरीही बोट व्हॉल्व्ह सील किंवा गाइडकडेच जातं, कारण उतारावर इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम असतो आणि तो ऑइल ओढून घेतो. चढावर, लोडमध्ये, सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंग. आणि धूरच दिसत नसेल तर "जळत नाही" असा निष्कर्ष काढू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा डबा) शाबूत असेल तर तो बराच धूर पोटात घालतो, आणि त्यातच हळूहळू मरतो.

कॉम्प्रेशन टेस्टबद्दल एक इशारा. मेकॅनिक म्हणाला, "चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम ओके, रिंगा चांगल्या आहेत." हे अर्धंच खरं. कॉम्प्रेशन सांभाळतात वरच्या दोन रिंगा. भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवायचं काम तिसऱ्या, ऑइल रिंगचं. ती कार्बनने जाम होऊन खाचेत चिकटली असली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं. कॉम्प्रेशन कमी आलं तर मात्र सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग-बोअरचा दोष, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. प्लग काढलेच आहेत तर त्यांच्याकडेही बघा. एकच प्लग ओला-काळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा आहे. चारही सारखेच तेलकट असतील तर सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट शोधा.

माझे चारही सारखेच होते. आणि ती सामाईक गोष्ट होती पीसीव्ही व्हॉल्व्ह, आपले मिस्त्री ज्याला ब्रीदरचा व्हॉल्व्ह म्हणतात तो.

रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये ओढला जातो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर गॅसबरोबर ऑइलची वाफ आणि थेंबही भसाभस इनटेकमध्ये जातात. बंद अडकला तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि ऑइल सीलमधून बाहेर, रिंगांवरून वर, जिथे वाट मिळेल तिथे ढकललं जातं. माझा व्हॉल्व्ह बोटाएवढा, टॅपेट कव्हरमध्ये रबरी ग्रोमेटमध्ये बसवलेला. ग्रोमेट इतका कडक झाला होता की काढताना प्लास्टिकसारखा तुटला आणि त्याचा एक तुकडा कव्हरमध्ये पडला. तो चिमट्याने काढण्यात अर्धा तास गेला. (तुम्ही काढाल तेव्हा आधी भोवती कापड लावा.) व्हॉल्व्ह कानापाशी हलवला तर खुळखुळायला हवा. माझा मुका होता. त्याला जोडलेला होज बाहेरून धडधाकट, पण कापून बघितला तर आत डांबरासारखा थर आणि मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक.

व्हॉल्व्ह, ग्रोमेट आणि होज बदलले, ऑइल तेच ठेवलं. पुढच्या १,००० किलोमीटरला ४८० मिलि. वर्षभर डबे बदलून जे झालं नव्हतं ते एका बोटभर तुकड्याने झालं. म्हणून ज्याला त्याला सांगतो, ऑइलच्या डब्याला हात लावण्याआधी ब्रीदर बघा. काही नव्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, टॅपेट कव्हरमध्येच पातळ रबरी पडदा असतो. तो फाटला की चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण व्हॅक्यूममुळे घट्ट ओढलेलं राहतं आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

कधी कधी चूक डिझाइनचीच असते. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही८ पिकअप इंजिनांत, जिथे हलक्या लोडवर अर्धे सिलिंडर झोपवण्याची सोय होती तिथे, चेंबरमधल्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचा फवारा सिलिंडरच्या भिंतींवर उडायचा आणि रिंगांवर थर चढायचा. कंपनीने त्या व्हॉल्व्हवर एक आडपडदा आणि सुधारित टॅपेट कव्हर असा उपाय काढला. तेव्हा आपल्या इंजिनाची अशी एखादी जाहीर झालेली खोड आहे का, हे शोधून घ्या. असेल तर दुनियेतलं कुठलंही ऑइल ती मिटवणार नाही.

आता ऑइलकडे: डब्यावरचे आकडे

१०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज हलतं ते सांगतो, दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं ते. गरम इंजिनात रिंगांच्या बाजूने किती ऑइल निसटेल याचा संबंध मुख्यतः दुसऱ्या आकड्याशी.

फार थोड्यांच्या लक्षात येतं की हा आकडा म्हणजे एक पट्टा आहे, नेमका बिंदू नाही. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकाप्रमाणे १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) मधलं सगळं "३०". १२.५ ते १६.३ मधलं सगळं "४०". त्यापुढे २१.९ पर्यंत "५०". म्हणजे ९.८ चं ऑइलही ३० आणि १२.२ चंही ३०. त्यामुळे ग्रेड न बदलताही जाड ऑइल मिळू शकतं, फक्त त्या ऑइलचं तांत्रिक माहितीपत्रक उघडून "१०० अंशांवरील व्हिस्कॉसिटी" ही ओळ वाचायला हवी. हे पत्रक बहुतेक उत्पादक आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, आणि डब्यावरच्या चकचकीत शब्दांपेक्षा त्यातली एकेक ओळ जास्त कामाची असते.

त्याच पत्रकात दुसरी ओळ शोधा: नोआक. ऑइल २५० अंशांवर एक तास ठेवलं तर किती टक्के उडून जातं, त्याचा हा आकडा. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या सध्याच्या पेट्रोल ऑइलना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, युरोपच्या गाडी उत्पादकांच्या एसीईए या संघटनेच्या ए३/बी४ वर्गात ती १३ टक्के. उडालेली वाफ ब्रीदरवाटे थेट इनटेकमध्ये जाते आणि जळते. रिंगा ठणठणीत असल्या तरी. ८-९ टक्के नोआकचं ऑइल आणि १४-१५ टक्क्यांचं ऑइल, दोन्हींवर १०डब्ल्यू-४० लिहिलेलं असू शकतं, आणि ऑइल खाणाऱ्या इंजिनात दोन्ही सारखी वागणार नाहीत. एक सर्वसाधारण नियम: एकाच दर्जाच्या बेस ऑइलमध्ये (ज्यात बाकीचे घटक मिसळतात ते मूळ तेल) पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल उडायला जास्त तयार. त्यामुळे कडाक्याची थंडी पडत नसेल तर ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-३० हादेखील जाडी न वाढवता केलेला उपाय आहे.

तिसरी ओळ एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये चिरडलं जात असताना उरणारी जाडी. ३० ग्रेडला किमान २.९, १०डब्ल्यू-४० ला ३.५ आणि १५डब्ल्यू-४० ला ३.७ हवी. माल वाहणाऱ्या गाडीला ही ओळ दुर्लक्षून चालत नाही. ग्रेडच्या दोन आकड्यांमधली दरी जितकी मोठी, तितकं ऑइलमध्ये जाडी टिकवणारं पॉलिमर सहसा जास्त, आणि हे पॉलिमर वापरात कातरलं जातं. साध्या खनिज बेसचं १०डब्ल्यू-४० काही हजार किलोमीटरनंतर उतरून ३० च्या पट्ट्यात येऊ शकतं. १५डब्ल्यू-४० त्या मानाने टिकतं.

एक पायरी, दोन नाही

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आहे, आणि गरम हवामानासाठी १०डब्ल्यू-३० व १५डब्ल्यू-४० असा तक्ताही आहे. हा तक्ता जुन्या पुस्तिकांत हमखास सापडतो. कंपनीनेच परवानगी दिलेली असते आणि आपण गल्लीभर विचारत फिरतो. ब्रीदर दुरुस्त झाल्यावर मी प्रत्येक ऑइल किमान ३,००० किलोमीटर चालवून बघितलं. ५डब्ल्यू-३० वर ४८० मिलि. १५डब्ल्यू-४० वर ३९०. २०डब्ल्यू-५० वर ३५०.

आता कुणी म्हणेल, मग ५०च घाला की. नाही घालत. २०डब्ल्यू-५० वर सकाळी सुरू केल्यावर तीन-चार सेकंद टॅपेटची टकटक ऐकू यायची, जी आधी कधी नव्हती. ऑइल हेडपर्यंत पोचायला वेळ घेत होतं. शिवाय गाडी चढाला जड वाटायला लागली. पिकअपचा पिकअप गेला म्हणा. १,००० किलोमीटरमागे ४० मिलि वाचवण्यासाठी रोज सकाळी कॅमशाफ्ट कोरडा घासायचा, हा सौदा मला पटला नाही. थंडीची गोष्ट आणखी वेगळी. १५डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. हिमाच्या प्रदेशात राहणाऱ्याने २०डब्ल्यूचा विचारच करू नये. तिथे १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० हीच वरची पायरी.

व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असलेल्या इंजिनात ही पायरी आणखी जपून चढा. तिथे कॅम पुढेमागे फिरवायचं काम ऑइलच्याच दाबाने होतं, केसाएवढ्या वाटांमधून आणि बारीक जाळ्यांमधून. ०डब्ल्यू-२० साठी बनलेल्या इंजिनात ५डब्ल्यू-३० चालून जाईल, २०डब्ल्यू-५० ने मात्र इंजिनाचा दिवा लागून टायमिंगचा कोड येऊ शकतो. मग लोक सेन्सर बदलत बसतात.

आणखी एक फसगत. जाड ऑइल घातलं की दाबाचा काटा वर जातो आणि मन खूश होतं. दाब म्हणजे प्रवाह नव्हे. पातळी पूर्ण असताना गरम आयडलिंगला दिवा लुकलुकत असेल, तर जाड ऑइल घालून तो विझवणं म्हणजे झिजलेल्या बेअरिंगवर पांघरूण घालणं. आधी साधा मेकॅनिकल गेज लावून खरा दाब मोजून घ्या.

"हाय मायलेज"चं काय?

ही ऑइल निव्वळ जाहिरात नाहीत. व्हॅल्व्होलिनने २००० साली मॅक्सलाइफ आणलं तेव्हापासून हा प्रकार रुळला. साधारण ७५,००० मैलांच्या, म्हणजे सव्वा लाख किलोमीटरच्या पुढच्या इंजिनांसाठी. त्यात कडक झालेलं रबर थोडं फुगवून मऊ करणारे घटक असतात, डिटर्जंट बऱ्यापैकी असतं आणि जाडी सहसा आपल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला ठेवलेली असते. रोग व्हॉल्व्ह सीलचा किंवा पाझरणाऱ्या मागच्या सीलचा असेल तर गुण येण्याची खरी शक्यता आहे, पण दोन-तीन हजार किलोमीटर धीर धरा. फाटलेलं सील ऑइल शिवून देत नाही, आणि झिजलेल्या लोखंडाला रबराचं औषध लागू पडत नाही. सकाळच्या धुराच्या झोतावर मला फरक जाणवला. चढावर फार काही नाही.

"जुन्या गाडीत सिंथेटिक घातलं की गळायला लागते" हे अजून ऐकू येतं. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलमुळे सीलचं रबर आकसायचं, त्याची ही आठवण. आजच्या ऑइलमध्ये तो दोष राहिलेला नाही. मात्र चांगलं डिटर्जंट जुना गाळ धुऊन काढतं आणि गाळानेच बुजलेली फट उघडी पडते, हे होऊ शकतं. गळती आधीची असते, फक्त आता दिसते.

पैशाचा हिशेब सरळ आहे. जे जळूनच जाणार आहे ते महागडं घेऊ नका. चांगल्या नोआकचं मध्यम दर्जाचं ऑइल चेंबरला, आणि टॉपअपला त्याच ग्रेडचं, त्याच एपीआय वर्गाचं जे परवडेल ते. दोन ब्रँड एकत्र केले तर दही जमेल ही भीती नको. एपीआयचा परवाना घेणाऱ्या ऑइलना दुसऱ्या ऑइलमध्ये मिसळण्याची चाचणी द्यावीच लागते. त्याने गुणवत्ता वाढते असं मात्र नाही.

पेट्रोल गाडीत डिझेलचं ऑइल

१५डब्ल्यू-४० शोधायला गेलात की हमखास डिझेलचा डबा हातात येतो. त्यात झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस जास्त असतं. एपीआयच्या सीके-४ या डिझेल वर्गात फॉस्फरस ०.१२ टक्क्यापर्यंत असू शकतो, तर एसपी वर्गातल्या ३० ग्रेडच्या पेट्रोल ऑइलला ०.०८ ची मर्यादा. जुन्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या धातूला यातून अपाय नाही. पण हेच फॉस्फरस कन्व्हर्टरला विष आहे, आणि आपलं इंजिन ते दर महिन्याला जाळून कन्व्हर्टरकडेच पाठवतंय. म्हणून डब्याच्या मागे पेट्रोलचा एस-वर्गही (एसपीसारखा, एसने सुरू होणारा) लिहिलेला आहे का ते बघा. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात निव्वळ डिझेल ऑइल नकोच. कॅल्शियम डिटर्जंट जास्त असलं की कमी वेगात अवेळी भडका उडून पिस्टन फुटण्याचा धोका वाढतो, आणि २०२० साली आलेला एसपी वर्ग याच दोषासाठी तपासलेला आहे.

पिकअप डिझेल असेल तर

इथे पहिला संशयित टर्बो. इंटरकूलरचा पाइप काढून बोट फिरवा. थोडा तेलकटपणा चालतो, थारोळं चालत नाही. टर्बोची ऑइल परत येणारी नळी चोंदलेली असेल तर नव्या सीलमधूनही ऑइल येतं, तेव्हा टर्बोला शिव्या देण्याआधी नळी बघा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल, म्हणजे सीके-४ किंवा एसीईए सी३ यांपैकी पुस्तिका सांगेल ते, याला पर्याय नाही. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. आणि डीपीएफवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: रिजनरेशनच्या, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायच्या, वेळी थोडं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पातळी कमी होत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त, प्रत्यक्षात ऑइल जळतंय आणि त्याची जागा डिझेल घेतंय. डिपस्टिक नाकाला लावा. पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदला, वाट बघू नका.

टर्बोने जास्तच ऑइल सोडलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं आणि चावी काढूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर, पूर्ण ब्रेक आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद पाडा. नाहीतर हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबा. हात कधीही लावू नका.

रिंगा चिकटल्या असतील तर, आणि काय ओतू नये

चिकटलेल्या आणि झिजलेल्या रिंगांत फरक आहे. चिकटलेल्या सुटू शकतात. सगळ्यात सौम्य मार्ग म्हणजे चांगल्या डिटर्जंटचं ऑइल आणि काही काळ ४-५ हजार किलोमीटरला बदल, फिल्टरसकट. प्लग काढून सिलिंडरमध्ये सॉल्व्हंट रात्रभर मुरवत ठेवण्याचा प्रकारही करतात. करायचाच असेल तर जाणत्या माणसाच्या हातून. सकाळी प्लग काढलेलेच ठेवून इंजिन फिरवून सगळं बाहेर काढलं नाही तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि उडणारे फवारे पेटू शकतात. चेंबरमधलं ऑइल त्यानंतर लगेच फेकायचं.

रॉकेल घालून फ्लश करणं मला अजिबात मान्य नाही. रॉकेलाने बेअरिंगवरचा थर पातळ होतो आणि सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. जाड चिकट "धूरबंद" बाटल्या म्हणजे मुख्यतः जाडी वाढवणारं पॉलिमर. तोच पैसा ४० ग्रेडच्या ऑइलमध्ये घाला. गिअर ऑइल इंजिनात ओतणारे आणि काढलेलं ऑइल गाळून टॉपअप करणारेही भेटलेत. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडलंय.

"दर महिन्याला नवं पडतंच, मग ऑइल बदलायचं कशाला?" हा प्रश्न चतुर वाटतो. पण जळतं ते ऑइल. काजळी, आम्ल आणि धातूचा चुरा मागेच राहतो, आणि फिल्टर तर जुनाच. खाणाऱ्या इंजिनात बदलाची मुदत उलट थोडी कमी करा.

१,००० किलोमीटरला लिटरच्या पुढे आकडा गेला, प्लग महिन्या-दोन महिन्यांत चोंदून मिसफायर व्हायला लागलं, किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी आलं, की ऑइलचा विषय संपला. मग हेड उघडायचं की रिंगा घालायच्या, हा हिशेब मांडायचा.

माझ्या गाडीत गेल्या वर्षी हेड न उतरवता व्हॉल्व्ह सील बदलली. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात, तसं. जुनी सील नखाने दाबली तर कडकन तुटत होती. १५डब्ल्यू-४० तेच आहे. सीटमागे १ लिटरचा डबा आणि मापाचं भांडं दोरीने बांधलेलं असतं. वहीतली शेवटची नोंद: १,००० किलोमीटर, बहुतेक लोडमध्ये, २१० मिलि.